वाकलेलं माप

"इसरून जा," असं म्हणायचे मास्टरजी, आणि टेप गळ्यात टाकून तुमच्याकडे पाठ करून खडू शोधायला लागायचे. खडू त्यांच्या कानावर असायचा. नव्याने आलेल्या गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारा विसरभोळा दिसतो. मिनिटभर तो अवघडून उभा राहायचा. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचा, एका पायावर भार द्यायचा, आत ओढलेलं पोट हळूच सोडून द्यायचा. तेवढ्यात मास्टरजी वळून चार ठिकाणी टेप लावून मोकळे झालेले असायचे.

"मापाले उभा राहिला का माणूस खोटं बोलते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तोंडाने नव्हे, अंगाने. नवरदेव पोट आत घेतो, पोलिसातला छाती फुगवतो, लग्नाला निघालेली बाई श्वास धरून ठेवते. त्या खोट्या मापाचा कपडा शिवला की घरी बसता-उठता शिवण उसवते आणि शिव्या शिंप्याला बसतात. म्हणून माणूस स्वतःला विसरेपर्यंत थांबायचं आणि मग तो जसा आहे तसं माप घ्यायचं. पन्नास वर्षं त्यांनी एवढंच केलं. त्यांच्या हातचा कपडा दुरुस्तीला परत आला, असं सांगणारा माणूस मला रायपुरात भेटलेला नाही.

दुकान गोल बाजारात, भांड्यांच्या दुकानांच्या मागच्या बोळात. दोन पायऱ्या चढून वर. रायपुरात शिंप्याला मास्टर म्हणतात, म्हणून ते मास्टरजी. खरं नाव मलाच फार उशिरा कळलं. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीला इकडे आले. मुलाला काही रेल्वे लाभली नाही, मशीन लाभली. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, विदर्भातून आलेली बौद्ध घरं बरीच. चौदा एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला जे पांढरे कपडे घालून आम्ही विहारात जातो, त्यातले निम्मे मास्टरजींच्या हातचे. पाऱ्यात लग्न होऊन आलेल्या प्रत्येकीला ते सूनबाई म्हणत. मला आता चव्वेचाळीसावं लागलंय, पण शेवटपर्यंत मी सूनबाईच होते.

मी नागपूरहून नवी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई मला त्यांच्याकडे घेऊन गेल्या होत्या. मी काठीसारखी ताठ उभी. मास्टरजींनी खडू शोधता शोधता विचारलं, "तुमच्याकडे नळ किती वाजता येते?" नागपुरातल्या आमच्या वस्तीचं पाणी हा माझ्या दुखण्याचा विषय. मी जी सुरू झाले ती सासूबाईंनी कोपर मारेपर्यंत थांबले नाही. तोवर माप वहीत उतरलं होतं.

लहान मुलांना विसरायला लावणं सगळ्यात अवघड, असं ते म्हणत. त्यासाठी बटणांचा एक डबा ठेवला होता. पोरगं डब्यात हात घालून सोनेरी बटण शोधायला लागलं की त्याचं माप घ्यायचं. माझी लेक श्रावस्ती, म्हणजे आमची सावू, तिचंही पहिल्या शाळेच्या कपड्यांचं माप असंच घेतलं गेलं. त्या दिवशी तिने सोनेरी बटण नाकात घालून आमची धांदल उडवली होती.

आता सावूच्या हातात फोन कुणी दिला, ते सांगून टाकते. मी दिला. माझी नोकरी नवा रायपुरातल्या सरकारी कार्यालयात. सकाळी आठची बस पकडायची, संध्याकाळी सात वाजता घरी. नवरा रेल्वेत, त्याच्या ड्यूटीला वेळापत्रक नाही. दुपारी दोनला शाळेतून येणारी दहा-अकरा वर्षांची पोर घरी एकटी. दार लावलंस का, जेवलीस का, गॅस बंद केलास का, हे विचारायला फोन हवा होता. मग शाळाच काही काळ फोनवर आली. मग शाळा परत शाळेत गेली, पण फोन काही परत गेला नाही. विचारलं तर कोचिंगचे व्हिडिओ असायचे. असायचेही. पण एका व्हिडिओच्या पोटात दुसरे शंभर असतात, हे मला कोण सांगणार? मी स्वतः बसमध्ये तेच करत होते.

मास्टरजींना सुरुवातीला या फोनची गंमतच वाटली. जूनमध्ये शाळेच्या कुर्त्याचं माप द्यायला गेलो तर सावूने उभ्या उभ्या फोन काढला, आणि पाच मोजायच्या आत ती दुकानात नव्हतीच. मास्टरजींनी टेप लावला, हात वर केला, खाली केला, तिला पत्ता नाही. "आता बटणं लागत नाई सूनबाई," ते हसत म्हणाले. "पोट्टे आपणच इसरतात. माहं काम सोपं झालं." आम्ही दोघंही हसलो. तो कुर्ता तिला असा बसला की माझ्या कार्यालयातल्या दोघी जणी पत्ता विचारून गेल्या.

पुढच्या जूनमध्ये तसंच झालं, त्याच्या पुढच्याही. दर वर्षी कुर्ता अंगावर ओतल्यासारखा. कुठे सुरकुती नाही, कुठे ओढ नाही. आपली मुलगी नीटस दिसते, यावर मी खूश होते. घरात माझी बडबड चालूच असायची की मान वर कर, डोळे फोडून घेशील, उठ जरा खाली खेळून ये. पण ती बडबड भाजीला मीठ घालावं तशी, सवयीची. तिची डोकेदुखी, संध्याकाळी सहालाच आलेली झोप, जिना चढताना लागलेली धाप, हे सगळं मी "वयच तसं आहे" या एका खात्यात ढकलत होते.

सावू पंधरा वर्षांची झाली त्या एप्रिलची गोष्ट. पांढऱ्या कुर्त्यासाठी आम्ही गेलो. रविवारची सकाळ होती. ती फोनमध्ये, मास्टरजी मापात. त्यांनी पाठीला टेप लावला, मग थांबले. वही काढली, मागची पानं चाळली. पुन्हा टेप लावला. मग तिला म्हणाले, "बेटा, फोन ठेव अन् त्या भिंतीले पाठ लावून उभी राय. टाचा लाव. पाठ लाव. आता डोकं लाव."

डोकं लागेना. तिने हसत हसत हनुवटी वर केली तर नजर छताकडे गेली. हनुवटी खाली घेऊन प्रयत्न केला तर मानेत कळ आली. ती हसायची थांबली. मास्टरजींनी तिच्या डोक्यामागे, भिंत आणि केसांच्या मध्ये आपली बोटं आडवी घातली. एक, दोन, तीन, चार. चार बोटं सहज गेली.

त्यांनी तिला समोरच्या दुकानातून लस्सी आणायला पाठवलं आणि आतून कागदाची गुंडाळी काढली. प्रत्येक नेहमीच्या गिऱ्हाइकाचा पाठीचा आणि पुढचा भाग ते खाकी कागदावर कापून ठेवत आणि दर वर्षी नवीन कापला तरी जुना टाकत नसत. सावूचे चार वर्षांचे कागद त्यांनी टेबलावर एकावर एक पसरले. पाठीचे कागद दर वर्षी चांगले लांब आणि खांद्यापाशी रुंद होत गेलेले. पुढचे कागद लांबीला जवळपास तेवढेच, आणि छातीपाशी उलट आखडत आलेले.

"पोट्टी वाढली नाई सूनबाई," मास्टरजी हळू आवाजात म्हणाले. "पाठच वाढून राहिली."

मला त्या क्षणी काय वाटलं ते खरं सांगायचं तर राग आला. भीतीला माझ्याकडे आधी रागाचेच कपडे सापडतात. मी म्हणाले, आजकाल सगळीच मुलं अशी उभी राहतात, तुम्ही आपलं शिवणकाम बघा. त्यांनी कागद पुन्हा गुंडाळून आत ठेवले.

दुसऱ्या दिवशी सावू शाळेला निघाली होती. मी नुसतं बघत राहिले. मान पुढे, खांदे गोल, पाठीला बाक. हे रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी तिला जवळजवळ ओरडून म्हणाले, सरळ उभी राहा. ती राहिली. आणि तो इतका सुरेख बसणारा शाळेचा कुर्ता एकदम बिघडला. पुढचा भाग वर चढला, मागे झोळ आला, गळपट्टी गळ्यात रुतली. तिने बोट घालून ती ओढली आणि म्हणाली, "मम्मी, सीधी होती हूँ तो गला कसता है." मग पुन्हा वाकली आणि कुर्ता पुन्हा सुरेख बसला.

त्या दिवशी मी कार्यालयात गेलेच नाही. बसथांब्यावरून तशीच गोल बाजारात गेले आणि मास्टरजींना वाटेल ते बोलले. तुम्ही वाकलेल्या अंगाचा कपडा शिवलात, म्हणून मला दिसलं नाही. तुमच्या कपड्याने तिला वाकलेलंच धरून ठेवलं. बोळातली माणसं बघायला लागली. दोष माझा होता आणि मी तो दुसऱ्याच्या पदरात घालत होते, हे बोलतानाही मला कळत होतं.

"हव," ते म्हणाले. "वाकलेलं शिवलं मी. माणूस जसा हाये तसा शिवाचा, हेच शिकलो. तो काहून तसा हाये, हे कधी इचारलंच नाई."

मग त्यांनी मला आत बोलावलं. आतल्या खोलीत भिंतीला खिळे होते आणि खिळ्यांना शाळकरी मुलांचे पाठीचे कागद लटकवलेले. पन्नासेक तरी असतील. रात्रभर त्यांनी ते तपासले होते. एका मुलीचा कागद त्यांनी दुसऱ्या मुलीच्या कागदावर ठेवून दाखवला. मग तिसऱ्या मुलाचा त्यावर. कडा जुळत होत्या. पूर्वी दोन पोरांचा कागद कधी जुळायचा नाही, ते म्हणाले, सख्ख्या भावांचासुद्धा नाही. कुणाचा एक खांदा खाली, कुणी छाती काढून चालणारा, कुणी कोनाकोनाचा. आता कुणाचाही कागद कुणालाही चालेल. पंखा लावला तेव्हा ते सगळे कागद हलले आणि मला तिथे उभं राहवेना.

डॉक्टरकडे जायला मी आणखी आठ दिवस लावले. तेही कशामुळे, तर चाचणी परीक्षेत सावूच्या हातातून पेन दोनदा गळून पडलं म्हणून. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तिला कळतच नव्हतं. किती दिवसांपासून, विचारलं तर म्हणाली, दिवाळीपासून. सांगितलं का नाहीस, तर म्हणाली, मला वाटलं सगळ्यांचंच असं होतं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. मानेला जो नैसर्गिक बाक असतो तो गेलेला, आणि वरच्या पाठीला जो नको तो आलेला. तास न् तास कोपर दुमडून फोन धरल्यामुळे हाताची नस दबलेली. पाठीचे स्नायू अशक्त, ऊन अंगाला लागत नाही, वजन बसून बसून वाढलेलं. सगळा दोष एका फोनचा असं मी म्हणणार नाही, ते म्हणाले, पण शरीर दिवसातले सात-आठ तास ज्या आकारात ठेवाल त्या आकाराचं होतं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी बसमध्ये, स्वयंपाक करताना, फाइलवर सही करताना आजही ऐकते. तिची हाडं अजून वाढतायत, फार तर वर्ष-दीड वर्ष वाढतील. तेवढ्यात व्यायामाने जेवढी सरळ होईल तेवढी होईल. वाढ थांबली की पाठ जशी असेल तशी पक्की.

मी मास्टरजींना सांगायला गेले ते खरं तर माफी मागायला. माफीबिफी त्यांनी ऐकून घेतली नाही. टेबलावर एक पांढरा कुर्ता पडला होता. सावू सरळ उभी राहिली तर तिचं जे माप असेल, ते मनाने धरून त्यांनी तो शिवला होता. वाकून घातला तर पाठीत घट्ट, पोटावर चुण्या. ताठ राहिलं तरच बरा वाटणारा. रोज एक तास घालायचा, डॉक्टरांनी दिलेला व्यायाम त्यातच करायचा आणि दर रविवारी दुकानात येऊन भिंतीला उभं राहायचं, असं त्यांनी सावूला बजावलं. डॉक्टरांकडच्या फिजिओथेरपीच्या बाईंनीही मान डोलावली. त्या म्हणाल्या, कपड्याने हाड वळत नाही, पण आठवण तरी राहते.

मग घरात जे सुरू झालं ते लिहायला मला अजून जड जातं. फोन दिवसातून एक तास, तोही टेबलावर उभा ठेवून. पहिल्या आठवड्यात माझी गुणी पोर मला ओळखू येईना. जेवणाचं ताट सारून द्यायची, दाराला लाथ मारायची, मग खोलीत जाऊन नुसती बसायची. हात रिकामे असले तरी मान खाली, अंगठा हलतोय. फोन नसताना हलणारा तो अंगठा पाहून मी पहिल्यांदा, ज्यांना नवस बोलायला देव नसतो ती माणसं जे करतात, ते केलं. मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

रविवारी मात्र ती जायची. का जायची, ते मला पुढे कळलं. मास्टरजी तिला उपदेश करत नसत. डोक्यामागे बोटं घालायचे, "चार," म्हणायचे आणि कामाला लागायचे. महिन्याभराने "साडेतीन" म्हणाले. श्रावणात "तीन". त्या दिवशी सावूने बोळातून घरापर्यंत मला एक शब्द बोलू दिला नाही. स्वतःच बोलत होती, तेही मराठीत. एरवी ती मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीत देते.

मास्टरजींनी तोवर दुसरा एक उद्योग आरंभला होता. जे पोरगं मापाला येईल त्याला ते भिंतीला उभं करायला लागले आणि आईबापांना बोटं मोजून दाखवायला लागले. आईबाप चिडले. मी चिडले होते तसेच चिडले. शिवाय त्यांनी सगळ्यांचेच कपडे सरळ मापाने शिवायला घेतले. पन्नास वर्षांत परत न आलेले कपडे परत यायला लागले. म्हाताऱ्याची नजर गेली, फिटिंग बिघडली, असं पाऱ्यात बोललं जायला लागलं. दसऱ्याच्या कपड्यांसाठी बरीच घरं सदर बाजारातल्या तयार कपड्यांच्या दुकानाकडे वळली. मी त्यांना म्हणाले, सांगा हवं तर, पण कपडा त्यांना बसेल तसाच शिवा. ते म्हणाले, "नाई होत आता. कैची चालवतानी भेव वाटते."

भीती त्यांच्या अंगात शिरली होती, हे खरं. दुपारी पायरीवर बसून ते शाळा सुटलेली मुलं बघत. कोण किती बोटं, ते मनाशी म्हणत. एकदा मला म्हणाले, सूनबाई, तुम्हीबी उभ्या राहा ना भिंतीले. मला घाई होती असं मी सांगितलं. घाई नव्हती.

एक गोष्ट मी तुम्हाला सांगितलीच नाही, ती सावूने त्यांना एका रविवारी तोंडावर विचारली. "मास्टरजी, आप भी तो झुके हुए हो." मी डोळे वटारले. कारण ते वाकलेले होतेच. इतके, की बोलताना खालून वर बघत. पण ती माणसाची सवयीची आकृती, दुकानाच्या पाटीसारखी. तिच्याकडे कोण बघतं?

ते मशीनवरून उठले आणि स्वतः भिंतीला लागले. टाचा लावल्या, पाठ लावली. डोकं कितीतरी पुढे राहिलं. "मोज," ते म्हणाले. सावूचा अख्खा पंजा उभा मावला. मग त्यांनी सगळं सांगितलं, कपड्याबद्दल सांगावं तितक्या सहज. दोन पायऱ्या चढलं की छातीत हवा मावत नाही. आडवं झोपता येत नाही, तीन उशा रचून बसल्यासारखं झोपावं लागतं. ताट मांडीवर घेतलं की घास पोटात उतरायला वाट शोधतो. डॉक्टर म्हणतात, छातीचा पिंजराच आखडला.

"माही पाठ मशीनीनं खाल्ली," ते म्हणाले. "चार लेकरं होती, पोट भराले वाकलो. तू कायच्यासाठी वाकून राहिली बेटा?"

घरी आल्यावर सावूने आपणहून फोन माझ्या उशाशी आणून ठेवला. मला वाटलं, सुटलो.

सुटलो नव्हतो. दिवाळीच्या साफसफाईत तिच्या गादीखाली नवऱ्याचा जुना फोन सापडला. काच तडकलेला, पण चालणारा. शेजाऱ्यांच्या वायफायवर चाललेला. किती दिवस, ते मी विचारलं नाही. पुढच्या रविवारी मास्टरजींनी बोटं घातली, काढली, पुन्हा घातली. मग "तीन" म्हणाले. तीनपेक्षा जास्त होतं, मला दिसत होतं. सावूलाही कळलं असावं, कारण ती मान खाली घालून बाहेर पडली. मास्टरजी मला म्हणाले, पोर घाबरली तर अजून वाकते, म्हणून खोटं सांगितलं. उन्हाळ्यातलं गेलेलं दिवाळीत परत येतं, तर मग दीड वर्ष म्हणजे किती थोडे दिवस, हा हिशेब मी रात्रंदिवस करू लागले. त्यातले सात महिने संपले होते.

त्यानंतर तिने खरंच मन लावलं. फोनला हात लावत नव्हती असं नाही, पण हात लावून खाली ठेवायला शिकली. बोटांना जाण परत आली. मास्टरजींकडे मात्र थंडीत आम्ही दोनदाच जाऊ शकलो. त्यांना खोकला बसला होता, आणि त्या आखडलेल्या छातीत खोकल्यालाही जागा नव्हती. दुसऱ्या वेळी त्यांनी टेप माझ्या हातात दिला आणि बोटं कशी आडवी घालायची ते मला शिकवलं. केस दाबायचे नाहीत, पोरीशी बोलत राहायचं.

जानेवारीत एका सकाळी ते गेले. आम्ही पांढरे कपडे घालून त्यांच्या घरी गेलो. सावूने तो ताठ मापाचा कुर्ता घातला होता. अंगणात तिरडी बांधून तयार होती, त्रिशरण-पंचशील झालं, आणि मुलांनी-पुतण्यांनी त्यांना उचलून तिरडीवर ठेवलं. पाठ टेकली, डोकं टेकेना. बांबूच्या वर ते तसंच अधांतरी राहिलं, जणू काही ते मान उचलून कुणाला तरी बघतायत. एकाने हलकेच कपाळ दाबलं, तर पाय वर आले. दुसरा खांदे दाबायला पुढे झाला.

"नका दाबू," मास्टरजींची बायको म्हणाली. "दुखते त्यायले."

मग तिनेच आतून कोऱ्या पांढऱ्या कापडाचा गठ्ठा आणला, शिवायला आलेला आणि राहून गेलेला, आणि त्याच्या घड्या करून त्यांच्या डोक्याखाली सारल्या. एक घडी पुरली नाही. दुसरी घातली, तिसरी घातली. अंगणातली सगळी माणसं बघत होती. त्यांच्यात ते आईबापही होते, आणि त्यांची मुलंही, माना खाली घालून उभी असलेली.

सावूने माझा हात धरला. ती अंगणाच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली, टाचा मागे घेतल्या आणि माझा हात ओढून आपल्या डोक्यामागे नेला. माणसं तिरडी उचलत होती.

"आई," ती मराठीत म्हणाली, "माझं किती राहिलं?"

मी बोटं घातली. केस दाबले नाहीत.

"दोन," मी म्हणाले. अडीच होतं.